युजर रिसर्चचा अहवाल झाला. आता स्क्रीनवर नेमकं काय बदलायचं?

मुलाखती झाल्या, चाचण्या झाल्या, चाळीस स्लाइडचा अहवाल सगळ्यांना मेल झाला. मीटिंगमध्ये सगळ्यांनी माना डोलावल्या. तीन महिन्यांनी ॲप उघडावं तर एक बटणही जागचं हललेलं नसतं. याचा दोष टीमच्या आळसाला देऊन भागत नाही. 'युजरना बुकिंगची प्रक्रिया किचकट वाटते' असं वाक्य हातात पडल्यावर डेव्हलपरने सोमवारी सकाळी करायचं काय? कुठली स्क्रीन, ती कोण बदलणार, बदल जमला हे कशावरून कळणार, यातलं काहीच त्यात नाही. अशा वाक्याला सगळे हो म्हणतात, कारण हो म्हटल्याने कुणाच्याच अंगावर काम येत नाही.

पुढची पद्धत पाच ते दहा जणांच्या मुलाखती किंवा वापर-चाचण्या झाल्यानंतरच्या कामासाठी आहे. समजायला सोपं जावं म्हणून शेवटपर्यंत एकच काल्पनिक उदाहरण धरू: डॉक्टरची वेळ ठरवण्याचं मोबाइल ॲप, आणि त्यावर आठ जणांची चाचणी.

काम सुरू होतं ते चाचणीच्या आधी

चाचणी ठरवतानाच एक पानभर यादी करा. अडलेला निर्णय कोणता, तो घेणार कोण, कधीपर्यंत, आणि काय दिसलं तर आपण कुठल्या बाजूला वळणार. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. 'लोकांनी आधी डॉक्टर शोधला तर होम स्क्रीनवर शोधपट्टी. आधी त्रास सांगायला लागले तर लक्षणांची यादी' असं लिहिता आलं, तर त्या प्रश्नातून काहीतरी बदलणार आहे. उत्तर काहीही आलं तरी आपण तेच करणार असू, तर तो प्रश्न यादीतून काढून टाका. निर्णय घेणाऱ्या व्यक्तीला निदान दोन सत्रं प्रत्यक्ष बघायला बसवा. स्वतःच्या डोळ्यांनी कुणीतरी अडखळताना पाहिलेल्या माणसाला नंतर पटवत बसावं लागत नाही.

नोंद वेगळी, अर्थ वेगळा

पुढे जे काही बिघडतं त्याचं मूळ बहुतेक वेळा इथे सापडतं. 'स्क्रीन बघून ती गोंधळली' ही नोंद नव्हे. तो बघणाऱ्याने लावलेला अर्थ आहे. नोंद अशी हवी: 'प ३, वेळ निवडण्याची स्क्रीन, १४:२०. साडेदहाची वेळ दाबली, पुढे न जाता मागे गेली, डॉक्टरचं नाव बघितलं, परत आली. म्हणाली, "मघाशी मी हेच निवडलं होतं ना?"' यात व्यक्तीचा सांकेतिक क्रमांक आहे, जागा आहे, रेकॉर्डिंगमधली वेळ आहे, कृती आहे आणि तिचे शब्द तिच्याच बोलीत आहेत. अर्थ लिहायचा असेल तर दुसऱ्या रंगात, खाली लिहा.

एका चिठ्ठीवर एकच नोंद. दोन गोष्टी एकत्र लिहिल्या की पुढे गट पाडताना ती चिठ्ठी दोन्हीकडे ओढली जाते. सत्र घेणाऱ्याने काही सुचवलं असेल तर नोंदीवर 'सुचवल्यावर' असं ठळक लिहा. 'वरचं चिन्ह बघितलंत का?' असं विचारल्यावर सापडलेलं चिन्ह हे सापडलेलं नसतं. ही एक खूण विसरली की यशाचं प्रमाण फुगतं, आणि नंतर रेकॉर्डिंग कुणीही पुन्हा बघत नाही.

पाऊण तासाच्या एका सत्रातून पंचवीस ते चाळीस नोंदी निघाव्यात असा साधारण अंदाज ठेवा. दहाच निघाल्या तर बहुधा लिहिणारा मनातल्या मनात सारांश करत होता. शंभर निघाल्या तर तो संभाषण उतरवून घेत होता. सत्र संपलं की लगेच पंधरा मिनिटं बसून नोंदी पूर्ण करा. चार सत्रं पाठोपाठ झाली की कोण काय म्हणालं याची सरमिसळ होते.

नोंदी किमान दोघांनी स्वतंत्रपणे घ्याव्यात. ही चैन नव्हे. हर्टझम आणि याकोबसेन या संशोधकांनी २००१ साली अनेक अभ्यास पडताळून दाखवलं की एकच प्रणाली एकाच पद्धतीने तपासणाऱ्या कोणत्याही दोन तज्ज्ञांच्या समस्यांच्या यादीतला मेळ सरासरी ५ ते ६५ टक्के एवढाच भरतो. एकाच्याच डोळ्यांवर विसंबलेली यादी म्हणूनच अर्धीमुर्धी असते, तो कितीही अनुभवी असला तरी.

गट खालून वर पाडायचे

आठ सत्रांच्या दोन-अडीचशे चिठ्ठ्या भिंतीवर किंवा ऑनलाइन बोर्डवर लावा. जपानी मानववंशशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांनी क्षेत्रकार्यातल्या विस्कळीत नोंदी लावण्यासाठी जी पद्धत घडवली आणि जी १९६०च्या दशकात त्यांच्या आद्याक्षरांवरून 'केजे पद्धत' म्हणून ओळखली जाऊ लागली, तीच इथे वापरली जाते. तिचा गाभा एवढाच: आधी शीर्षकं लिहून त्यांखाली चिठ्ठ्या टाकायच्या नाहीत, ज्या चिठ्ठ्या एकमेकींच्या जवळ वाटतात त्या शेजारी ठेवायच्या आणि नाव सगळ्यात शेवटी द्यायचं.

प्रत्यक्षात बहुतेक टीम उलटं करतात. 'होम', 'शोध', 'पेमेंट' असे स्क्रीनवार रकाने आखून ठेवतात. मग डॉक्टरचं नाव दिसेनासं होणं हे वेळेच्या रकान्यात जातं, पेमेंटच्या वेळी 'हे कुणाचे पैसे?' असं विचारणं पेमेंटच्या रकान्यात जातं, आणि ही दोन्ही एकाच दुखण्याची लक्षणं आहेत हे कुणाच्या लक्षातच येत नाही. स्क्रीनचे रकाने बाजूला ठेवले की तोच गट आपोआप जमतो: 'आपण नेमकं कुणासाठी आणि कधीचं बुकिंग करतोय याची खात्री पुढे जाताना सुटत जाते.' गटाचं नाव असंच पूर्ण वाक्य असावं. 'नेव्हिगेशन' हे नाव झालं, पण त्यातून काहीच कळत नाही.

यासाठी तीन ते पाच माणसं आणि दोन तास पुरतात. पहिली वीस मिनिटं कुणी बोलायचं नाही, नुसत्या चिठ्ठ्या हलवायच्या. नाहीतर ज्याचा आवाज मोठा त्याचे गट पडतात. कुठेच न बसणाऱ्या चिठ्ठ्या जबरदस्तीने कोंबू नका. त्या बाजूला ठेवा; पुढच्या रिसर्चचे प्रश्न तिथूनच मिळतात.

निष्कर्षाचं वाक्य

प्रत्येक गटातून एक वाक्य काढायचं. त्यात चार गोष्टी आल्याच पाहिजेत: कुठल्या परिस्थितीत, काय करताना, काय घडतं, आणि कशामुळे. परिणाम लिहिता आला तर उत्तम.

कच्चं वाक्य: 'वेळ निवडण्याची स्क्रीन सुधारायला हवी.'

पक्कं वाक्य: 'दोन-तीन डॉक्टरांची तुलना करून आलेली व्यक्ती वेळ निवडल्यावर थबकते आणि मागे जाते, कारण त्या स्क्रीनवर डॉक्टरचं नाव आणि तारीख दिसत नाही, आठपैकी पाच जण मागे गेले, त्यातल्या दोघांची निवडलेली वेळ परत आल्यावर पुसली गेली होती.'

दुसऱ्या वाक्यात उपाय कुठेच सांगितलेला नाही, तरी वाचणाऱ्याच्या डोक्यात दोन-तीन उपाय सुरू होतात. निष्कर्ष नीट लिहिला गेला की नाही याची हीच कसोटी धरा. 'कशामुळे' हा भाग मात्र जपून लिहा. तो डोळ्यांनी दिसलेला नसतो, आपण लावलेला असतो. आधार असेल तर तो द्या (इथे त्या व्यक्तीचं 'हेच निवडलं होतं ना?' हे वाक्य), नसेल तर 'बहुधा' लिहा आणि ते तपासायचं आहे अशी खूण करा.

लोकांनी मागितलेल्या सोयी इथे विशेष फसवतात. समजा तिघे म्हणाले, 'महिन्याचं कॅलेंडर द्या.' निष्कर्षात 'युजरना कॅलेंडर हवं' असं उतरलं की डिझाइन तिथेच ठरून गेलं. ते कॅलेंडर मागण्याच्या आधी काय करत होते ते नोंदींत बघा. तिघेही एकेक दिवस सरकवत संध्याकाळची मोकळी वेळ शोधत होते. गरज होती ती 'कामावरून सुटल्यानंतरची सगळ्यात जवळची वेळ' सापडण्याची. महिन्याच्या कॅलेंडरमध्ये ती आणखीच लपली असती. मागणी जशीच्या तशी नोंदवा, पण निष्कर्ष त्या मागणीच्या आधीच्या कृतीवर उभा करा.

आकडे किती ताणायचे

'८० टक्के युजर अडले' असं अहवालात लिहिलेलं असतं आणि मागे पाच माणसं असतात. पाचपैकी चार जण अडले तर साऱ्या वापरणाऱ्यांमध्ये ते प्रमाण ९५ टक्के विश्वासपातळीवर साधारण ३६ ते ९८ टक्क्यांच्या मध्ये कुठेही असू शकतं. म्हणून लहान चाचणीत टक्के लिहूच नका. 'पाचपैकी चार' लिहा. समोरच्याला आधार केवढा आहे ते लगेच कळतं.

'पाच माणसं पुरतात' हे वाक्यही अर्धवट फिरतं. नील्सन आणि लँडॉवर या वापरसुलभतेच्या संशोधकांच्या १९९३ च्या गणितात पाच जणांत सुमारे ८५ टक्के समस्या सापडतात, पण एखादी समस्या एका माणसाला भेटण्याची शक्यता सरासरी ३१ टक्के आहे असं धरलं तरच. जी अडचण दहातल्या एकालाच येते ती पाच जणांच्या चाचणीत दिसण्याची शक्यता जेमतेम ४१ टक्के. तेव्हा 'चाचणीत कुणी अडलं नाही' याचा अर्थ 'अडचण नाही' असा काढू नका. उलट बाजूही आहे: एकाच माणसाला आलेली अडचण, जर तिने चुकीच्या डॉक्टरकडे पैसे भरले गेले असतील, तर तिला दुसऱ्या साक्षीदाराची गरज नाही.

आधी काय, नंतर काय

गांभीर्य ठरवायला नील्सनची ० ते ४ ही श्रेणी पुरते: ० म्हणजे अडचणच नाही, १ वरवरची, २ किरकोळ, ३ मोठी, ४ म्हणजे दुरुस्त केल्याशिवाय बाहेर सोडू नये अशी. आकडा देताना तीन गोष्टी तोलायच्या. किती जणांना भेटते, भेटल्यावर किती अडवते, आणि एकदा कळल्यावर सुटते की दर वेळी पुन्हा त्रास देते. तिघांनी एकमेकांचं न बघता आकडे द्यावेत आणि सरासरी काढावी. दोन आकड्यांत दोनपेक्षा जास्त फरक असेल तर सरासरी काढू नका, बोला. बहुतेक वेळा दोघं वेगवेगळी समस्या डोळ्यांपुढे ठेवून आकडा देत असतात.

मेहनतीचा अंदाज डेव्हलपरने द्यायचा, डिझायनरने नव्हे, आणि तो गांभीर्याच्या आकड्यात मिसळायचा नाही. 'हे फार अवघड आहे, म्हणून २ देऊ' असं झालं की यादी खोटी होते. गांभीर्य ४ आणि मेहनत अफाट, हेही तसंच लिहून ठेवा. निदान धोका कुणी पत्करला ते कागदावर येतं.

मग प्रत्येक निष्कर्षाला चारपैकी एक शिक्का: आत्ता करू, पर्याय शोधू, आणखी विचारू, जाणूनबुजून सोडू. पाचवा शिक्का नाही. 'नंतर बघू' असा रकाना ठेवलात तर सगळं तिथेच जाऊन पडेल. सोडून द्यायचं असेल तर कारण एका ओळीत आणि निर्णय घेणाऱ्याची भूमिका त्याशेजारी.

निष्कर्षाकडून पर्यायांकडे

निष्कर्षाचा प्रश्न करा: 'वेळ निवडताना आपण कुणाची, कुठल्या दिवसाची वेळ घेतोय हे न विसरता कसं ठेवता येईल?' प्रश्न फार रुंद झाला ('बुकिंग सोपं कसं करता येईल?') तर हाताला काही लागत नाही, फार अरुंद झाला ('नाव वरच्या पट्टीत कसं बसवता येईल?') तर उत्तर आधीच ठरलेलं असतं.

यावर किमान तीन वेगळ्या जातीचे उपाय काढा. एकाच पट्टीचे तीन रंग म्हणजे तीन उपाय नव्हेत. इथे पहिला: नाव आणि तारीख वरच्या पट्टीत कायम ठेवणे. दुसरा: डॉक्टरच्याच पानावर वेळा दाखवणे, म्हणजे वेगळी स्क्रीनच उरत नाही. तिसरा: मागे जाऊ द्यावं, पण निवड पुसली जाऊ नये. तिसऱ्याला सगळ्यात कमी मेहनत आहे आणि तो इतर दोन्हींबरोबर जाऊ शकतो; असा उपाय पहिल्याच स्प्रिंटमध्ये (टीमच्या कामाच्या ठरावीक छोट्या टप्प्यात) घ्यावा. या बैठकीत डेव्हलपर हवाच. 'सर्व्हरकडून वेळा यायला चार सेकंद लागतात' हे त्यालाच ठाऊक असतं, आणि त्या एका माहितीवर दुसरा उपाय टिकतो किंवा पडतो.

तिकीट असं लिहा

बहुतेक निष्कर्ष इथेच गळतात. अहवाल एका फोल्डरमध्ये आणि काम दुसऱ्या टूलमध्ये, अशी स्थिती असते. ज्या टूलमध्ये टीम रोज काम बघते तिथेच निष्कर्ष तिकीट म्हणून, म्हणजे एका कामाची नोंद म्हणून, उतरला पाहिजे.

- नाव: वेळ निवडण्याच्या स्क्रीनवर डॉक्टरचं नाव, वार आणि तारीख सतत दिसावी.
- का: निष्कर्षाचं पूर्ण वाक्य, गांभीर्य ३, आठपैकी पाच; सोबत ३० ते ६० सेकंदांच्या दोन क्लिप.
- काय: निवडलेल्या पर्यायाचं डिझाइन, रिकामी स्थिती (दाखवायला काहीच नसताना) आणि चुकीची स्थिती (काही बिघडल्यावर) यांसह.
- पूर्ण झालं कधी म्हणायचं: वेळांची यादी खाली सरकवली तरी पट्टी दिसते, लांब नाव दोन ओळींत मावतं, कापलं जात नाही, अक्षरं २०० टक्के मोठी केली तरी पट्टी वेळांवर चढत नाही, स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) नाव आधी वाचतो, मागे जाऊन आल्यावर निवडलेली वेळ टिकते.
- यात काय नाही: वेळांच्या चौकोनांचे रंग आणि क्रम.
- कशावरून मोजायचं: या स्क्रीनवरून मागे जाणाऱ्यांचं प्रमाण, बदलाआधी दोन आठवडे आणि नंतर दोन आठवडे.
- जबाबदार: एकच व्यक्ती.

'यात काय नाही' ही ओळ फालतू वाटते, पण तिच्यामुळे दोन दिवसांचं काम दोन आठवड्यांचं होत नाही. क्लिप जोडताना सहभागी व्यक्तीने टीमबाहेर दाखवायला संमती दिली आहे ना ते बघा, आणि फोन क्रमांक किंवा आजाराचा उल्लेख आला असेल तर तो भाग कापा.

निष्कर्ष मांडायची बैठक तासाभराची ठेवा. सादरीकरण पंधरा मिनिटांत संपवा आणि उरलेला वेळ शिक्के आणि जबाबदार नावं ठरवण्यात घाला. पाच ते सात निष्कर्षांपेक्षा जास्त पुढे आणू नका. वीस आणले तर चर्चा सगळ्यात सोप्यावर होते आणि सगळ्यात महत्त्वाचा वेळेअभावी राहतो. चालणाऱ्या गोष्टींचाही एक निष्कर्ष त्यात असावा. नाहीतर नव्या डिझाइनच्या उत्साहात लोकांना जमलेली स्क्रीनही मोडली जाते.

बदल जमला का?

कोड लिहिण्याआधी प्रोटोटाइप (नव्या डिझाइनचा कच्चा नमुना) चार-पाच जणांना दाखवा, आणि काम तेच द्या जे मूळ चाचणीत दिलं होतं. काम बदललं तर तुलना संपली. दुरुस्ती उघड असेल तर दोन सत्रांच्या मध्येच ती करून पुढच्या माणसावर तपासता येते. मायक्रोसॉफ्टमधल्या संशोधकांनी २००२ साली मांडलेली 'राइट' (RITE, म्हणजे झटपट दुरुस्त करत पुन्हा पुन्हा तपासण्याची) पद्धत हीच. एका संगणकीय खेळाच्या शिकवणीवर त्यांनी ती वापरली होती. अट एवढीच की निर्णय घेणारा प्रत्येक सत्राला हजर हवा आणि दुरुस्ती काही तासांत होणारी हवी.

बदल बाहेर गेल्यावर एकटा आकडा बघू नका. मागे जाणाऱ्यांचं प्रमाण घटलं ते लोकांना खात्री पटली म्हणून, की ते ॲप बंद करूनच निघून जायला लागले? म्हणून शेजारी बुकिंग पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण आणि बुकिंगनंतर तासाभरात रद्द करणाऱ्यांचं प्रमाण ठेवा. मागे जाणं घटलं, पूर्ण होणं वाढलं, रद्द होणं वाढलं नाही, तर जमलं. त्याच पंधरवड्यात जाहिरात सुरू झाली असेल तर नव्या लोकांची गर्दी आकड्यांत मिसळते. तेव्हा निम्म्यांना जुनं आणि निम्म्यांना नवं दाखवून बघणं बरं.

एसयूएस, म्हणजे 'सिस्टिम युजेबिलिटी स्केल', ही वापरसुलभतेची प्रश्नावली (जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली दहा विधानं) अनेक टीम इथे वापरतात. तिचा गुण ० ते १०० मध्ये येतो, पण ती टक्केवारी नव्हे. सरासरी ६८ च्या आसपास धरतात. एकूण तब्येत कळायला ती चांगली. एका पट्टीच्या बदलाचा परिणाम तिच्यात शोधू नका.

नोंदवही

साधी स्प्रेडशीट पुरते: निष्कर्ष, तारीख, आधार, गांभीर्य, शिक्का, तिकिटाचा दुवा, बदलानंतरचा आकडा. दर तीन महिन्यांनी ती उघडा आणि 'आत्ता करू' शिक्का असूनही तिकीट नसलेल्या ओळी आधी गाळून बघा. ज्या स्क्रीनवर निष्कर्ष बेतला होता ती स्क्रीन मधल्या काळात बदलली असेल तर त्या ओळीला 'पुन्हा तपासा' लिहा. जुन्या ॲपवरचा निष्कर्ष नव्या ॲपवर पुरावा म्हणून दाखवला जाणं, हे अहवाल कपाटात पडून राहण्यापेक्षाही वाईट, कारण त्यावर कुणीतरी खरोखर काम सुरू करतं.